ब्रेक डिस्कचा स्क्रू स्लिप झालाय. डिस्क आणि हब न दुखवता काढायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात फुलेवाडीतल्या एका गाडीमालकाला पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदलायचंय. डिस्क चांगली आहे, तीच परत बसवायची आहे. डिस्कवर दोन स्टार स्क्रू आहेत. एक निघाला, दुसऱ्याची खाच बॅटरीच्या ड्रिलने फिरवता फिरवता गुळगुळीत झाली. भाऊ म्हणतो नट वेल्ड करू, शेजारचे म्हणतात इझी आउट (अडकलेला स्क्रू काढायची उलट्या आट्यांची सुळकी) मारा. डिस्क आणि हब (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) दोन्ही वाचवायचे तर काय करावं? आणि इंजिनवरच्या ॲल्युमिनियमच्या पार्टवर असंच झालं तर हेच उपाय चालतील का?

आधी ते बॅटरीचं ड्रिल बाजूला ठेवा आणि चहा घ्या. खाच अर्धी गेली असली तरी अजून बरेच मार्ग उघडे आहेत. ‘एकदा बघू फिरतोय का’ असं आणखी पाच-सहा वेळा केलंत तर त्यातले निम्मे बंद होतील. गॅरेजात अशी कामं येतात तेव्हा मूळ स्क्रू क्वचितच अवघड असतो. अवघड असतं ते आधी घाईत करून ठेवलेलं: आत तुटलेला इझी आउट, वाकडं पडलेलं भोक, छन्नीने फुटलेला स्क्रूच्या भोकाभोवतीचा कान. म्हणून मी उपायांचा क्रम एकाच हिशेबाने लावतो. फसला तरी पुढच्या उपायाला जागा ठेवणारा उपाय आधी, फसल्यावर मागे फिरता येणार नाही तो शेवटी. आणि स्क्रू वाचवण्याचा मोह पहिल्याच मिनिटाला सोडायचा. तो किरकोळ पैशांत मिळतो. वाचवायची आहे ती डिस्क, आणि त्याहून जास्त हबमधले आटे.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट सुखाची आहे. गाडी चालताना डिस्क त्या स्क्रूंवर टिकत नाही. चाकाचे नट आवळले की चाक, डिस्क आणि हब एकमेकांवर दाबले जातात आणि ब्रेकचा सगळा जोर तिथेच पेलला जातो. हे दोन स्क्रू कारखान्यात जोडणी करताना आणि पुढे चाक उतरवल्यावर डिस्क जागेवर राहावी एवढ्यासाठी असतात. जपानी आणि कोरियन धाटणीच्या बऱ्याच गाड्यांत ते दिसतात. त्यामुळे अगदी शेवटी स्क्रूचं डोकं उडवायची वेळ आली तरी गाडीच्या सुरक्षिततेला धक्का लागत नाही. स्लिप झालेल्या स्क्रूंमध्ये यापेक्षा सोपं गिऱ्हाईक नाही.

मग एवढा घट्ट का बसलाय? हा स्क्रू सपाट बसणारा, उतरत्या डोक्याचा आहे. डोक्याचा तो उतार डिस्कमधल्या तशाच उतारात पाचरीसारखा रुतून बसतो. त्यात गंज धरला की पकड आणखी वाढते. शिवाय डिस्क आणि हबच्या मध्ये गंज फुगतो, तो डिस्कला बाहेर ढकलतो आणि स्क्रू कायम ताणलेला राहतो. गगनबावड्याकडचा पाऊस, कोकणात उतरल्यावरची खारी हवा, तापलेल्या डिस्कवर उडणारं गार पाणी, सगळं यात भर घालतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे हे स्क्रू तर मी कधी सरळ निघतील असं धरूनच चालत नाही. पण नीट लक्षात घ्या, पकड आहे ती बहुतेक डोक्याखाली आहे. आट्यांत फारशी नाही. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

खाच मेली कशी, तेही बघू. आपण ज्याला स्टार म्हणतो त्या फिलिप्स खाचेच्या भिंती आत उतरत्या असतात. जोर देऊन फिरवलं की त्या उतारावरून ड्रायव्हर वर सरकतो आणि वर सरकताना कडा खातो. अमेरिकेत १९३० च्या दशकात हा स्क्रू आला, १९३६ साली कॅडिलॅकच्या जोडणीत वापरला गेला, तेव्हा भराभर आवळण्यासाठी तो उत्तमच होता. गंजलेला सोडवताना तीच खाच नडते. त्यात घराघरांत असतो तो दोन नंबरचा ड्रायव्हर, आणि एम ६ च्या, म्हणजे सहा मिलिमीटरच्या, स्क्रूला लागतो तीन नंबरचा. एम ८ असेल तर चार नंबर. दोन नंबरचं टोक तीन नंबरच्या खाचेत बुडाला जाऊन टेकतं, बाजूच्या भिंतींना नीट भिडतच नाही. शिवाय जपानी मानकाची खाच फिलिप्सपेक्षा किंचित वेगळी असते. अशा स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा खाचेशेजारी एक बारीक ठिपका असतो. तो दिसला तर जपानी मानकाचं बिट मागून घ्या, फरक पहिल्याच झटक्याला कळतो.

आता कामाला लागू. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना अडण, जॅकखेरीज वेगळा स्टँड. नुसत्या जॅकवर हातोडी चालवायची नाही. चाक काढलंत तरी कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारी ब्रेकची पकड) अजून काढू नका. भावाला आत बसवून ब्रेक दाबायला सांगायचंय, म्हणजे डिस्क फिरणार नाही आणि तुमचा टोला वाया जाणार नाही. चाकाचे दोन नट जाड वॉशर घालून समोरासमोरच्या स्टडवर आवळून घ्या. डिस्क हबवर दाबली जाते आणि मघाशी सांगितलेला गंजाचा ताण स्क्रूवरून थोडा उतरतो. हे फार कमी लोक करतात, पण मी करतोच.

खाच साफ करा. टोकदार सुई, जुना स्क्राइबर, नाहीतर घासून अणकुचीदार केलेला खिळा घ्या आणि खाचेच्या तळाचा गंज, काळी माती खरवडून काढा. तळाशी कचरा असेल तर महागातलं महाग बिटसुद्धा आत बसणार नाही. मग डोक्याच्या कडेने, डिस्कला जिथे भेग दिसते तिथे, गंजात शिरणारं तेल थेंबभर सोडा. स्प्रेने मारू नका. पॅड आणि डिस्कच्या घासणाऱ्या भागावर तेल गेलं तर दुसरं दुखणं विकत घ्याल. निळ्या-पिवळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-४० जवळपास प्रत्येकाकडे असतं. ते मुळात धातूवरचं पाणी हटवण्यासाठी १९५० च्या दशकात बनवलेलं, नावातला ‘डब्ल्यूडी’ त्याचाच. चालेल, पण गंजात खोल शिरण्यासाठी त्याच कंपनीचं आणि इतरांचंही वेगळं तेल मिळतं, ते सरस. काहीच नसेल तर डिझेल. जुने मिस्त्री डिझेलच घालायचे आणि रात्रभर सोडून द्यायचे. तेलापेक्षा ती रात्र जास्त काम करते. संध्याकाळी एकदा, झोपण्यापूर्वी एकदा, सकाळी हात लावा.

सकाळी पहिला मान हातोडीचा. जाड पंच किंवा जुनं बिट डोक्यावर सरळ उभं धरा आणि तीन-चार खणखणीत टोले द्या. टोला तिरका नको. याने दोन गोष्टी होतात. उतारातला गंज भुगा होऊन तेलाला वाट मिळते, आणि डोक्याचा धातू थोडा आत दबून मेलेली खाच पुन्हा आकसते. खाच फारच उघडली असेल तर गोल तोंडाच्या हातोडीने खाचेच्या कडेकडेने बारीक ठोकून धातू आत सारायचा, मग तीन नंबरचं बिट त्यात हातोडीनेच ठोकून बसवायचं. बिटाच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट चिमूटभर लावली तर तिचे कण खाचेत रुततात आणि पकड बरीच सुधारते. कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात ती डबी मिळते. (रबरबँड मध्ये घालून फिरवायची युक्ती सगळीकडे सांगतात. मोबाइलच्या आणि खेळण्याच्या स्क्रूला ठीक. गाडीच्या गंजलेल्या स्क्रूवर ते रबर चिरडून निघतं, एवढंच.)

बेअरिंगला मार लागेल अशी धास्ती एरवी योग्य आहे, पण तुम्ही ते बदलणारच आहात. म्हणून निर्धास्त ठोका. फक्त घण नको, अर्ध्या-पाऊण किलोची हातोडी पुरे, आणि स्टडच्या आट्यांवर चुकूनही पडता कामा नये.

यानंतर आणायचं ते हत्यार म्हणजे हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. बॅटरीवर टर्र टर्र चालतो तो वेगळा. हा जाड लोखंडी नळकांड्यासारखा असतो, मागच्या टोकावर हातोडी मारायची. आत तिरक्या खाचा असतात, त्यामुळे वरून पडलेला टोला बिटाला एकाच क्षणी आत दाबतो आणि थोडं फिरवतो. स्टार खाचेचा दोष काय, तर फिरवताना बिट वर येतं. इथे फिरायच्या क्षणी बिट सगळ्यात जास्त दाबलेलं असतं. गंजलेल्या डिस्क स्क्रूसाठी याहून नेमकं हत्यार मला माहीत नाही. डिस्कच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

वापरताना दोन गोष्टी बघा. एक, दिशा. हा ड्रायव्हर सोडवायच्या आणि आवळायच्या दोन्ही दिशांनी चालतो. हातात धरून मागचं टोक दाबून बघा, बिट घड्याळाच्या उलट फिरतंय ना. उलट्या सेटिंगवर ठेवून स्क्रू आणखी आवळलेली गिऱ्हाइकं दरवर्षी येतात. दोन, टोल्याआधी ड्रायव्हर हाताने डावीकडे पिळून घट्ट धरायचा, म्हणजे मधली ढिलाई संपते आणि सगळा झटका स्क्रूला मिळतो. मग एक टोला, पूर्ण जोराने. पाच हलक्या टोल्यांनी खाच मरते. हलला नाही तर दिशा बदलून उजवीकडे एक बारका झटका द्या, म्हणजे आवळल्यासारखं, आणि पुन्हा डावीकडे. गंजाची पकड कोणत्याही दिशेने मोडली तरी चालते. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला की समजायचं सुटला. पुढचा हाताने निघतो.

खाच पार वाटीसारखी झाली असेल तर इम्पॅक्टलाही धरायला काही उरत नाही. मग बारीक, धार लावलेली छन्नी. डोक्याच्या कडेजवळ आधी सरळ उभी धरून एक खोबण पाडायची. मग त्याच खोबणीत छन्नी आडवी कलती करून डावीकडे फिरेल अशा बेताने ठोकायची. सपाट बसलेल्या डोक्यालाही हे चालतं, आणि छन्नी निसटून डिस्कच्या मधल्या टोपीवर ओरखडा पडला तरी बिघडत नाही, पॅड तिथे घासत नाहीत. ग्राइंडरने आडवी चीर पाडून चपटा पेचकस लावायची कल्पना मात्र इथे सोडा. डोकं डिस्कच्या पातळीत आहे, चीर पाडताना डिस्कही चिरली जाईल. वर उचललेल्या डोक्याच्या स्क्रूला ती ठीक.

इथपर्यंत बहुतेक स्क्रू निघालेले असतात. नाही निघाला तर डोकं उडवायचं, आणि हे काम वाटतं तितकं भीतीचं नाही. मध्यावर सेंटर पंचाने खोल खूण करा. खाचेचा तळ आयता मध्य दाखवतो. तीन मिलिमीटरच्या ड्रिलने सुरुवात, सावकाश गती, कटिंग तेल नाहीतर साधं इंजिन ऑइल. मग एम ६ साठी साडेसहाचं ड्रिल. खोली इथे महत्त्वाची आहे. एम ६ च्या या डोक्याची उंची सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे साडेतीन-चार मिलिमीटरवर थांबायचं. ड्रिलला त्या मापावर इन्सुलेशन टेप गुंडाळून खूण करा. त्यापुढे गेलात तर नंतर पकडायला जे बूड हवंय तेच खाऊन टाकाल. बरोबर खोलीवर डोकं पातळ कड्यासारखं उरतं आणि पुष्कळदा ड्रिलबरोबरच फिरू लागतं. नाहीतर पंचाने एक टोला दिला की सुटतं. डाव्या आट्याचं ड्रिल बिट मिळालं तर फारच उत्तम. ते सोडवायच्याच दिशेने फिरत असल्याने कधी कधी ड्रिल करता करता अख्खा स्क्रूच बाहेर येतो.

आता कॅलिपर उतरवा, तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा, ब्रेकच्या होजवर लोंबकळत सोडू नका. वॉशर घालून आवळलेले ते दोन नटही काढून घ्या. डिस्क ओढा. गंजाने चिकटली असेल तर तिच्या टोपीवर दोन रिकामी आट्यांची भोकं आहेत का बघा. बऱ्याच डिस्कना ती असतात, बहुधा एम ८ ची. त्यांत दोन बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळले की डिस्क स्वतःच बाहेर ढकलली जाते. तिला मागून हातोडीने बडवायची गरज नाही.

डिस्क निघाल्यावर हबमधून जेमतेम तीन-चार मिलिमीटर बूड डोकावत असेल. व्हाइस ग्रिपने पकडून फिरवा. नवशिक्यांना इथे नवल वाटतं, कारण तासभर न हललेला स्क्रू आता पुष्कळदा बोटांच्या जोराने फिरतो. पकड डोक्याच्या उतारात होती, ते डोकं गेलं, डिस्कचा ताण गेला, उरले फक्त सहा मिलिमीटरचे आटे.

इझी आउटबद्दल शेजाऱ्यांचा सल्ला मी मानणार नाही. इझी आउट म्हणजे उलट्या आट्यांची निमुळती सुळकी. स्क्रूत भोक पाडून ती आत पिळायची. निमुळती असल्यामुळे ती जितकी आत जाते तितकी स्क्रूला आतून फुगवते, आणि आधीच गंजाने घट्ट झालेला स्क्रू आट्यांवर आणखी दाबला जातो. एम ६ मध्ये जेमतेम तीन मिलिमीटरचं भोक पडतं, त्यात मावणारा इझी आउट काडीएवढा. तो कठीण पोलादाचा असतो, वाकत नाही, तटकन तुटतो. एकदा आत तुटला की साधं ड्रिल त्यावर चालत नाही, त्याच्यावरून घसरून शेजारच्या मऊ धातूत शिरतं. मग हब उतरवून स्पार्क मशीनवर न्यायचं. विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारं हे मशीन साच्यांची कामं करणाऱ्या टूलरूममध्ये असतं, शिरोली किंवा गोकुळ शिरगावात विचारलंत तर कुणीतरी करून देईल. पण दहा मिनिटांच्या कामाचे दोन दिवस झाले. गंजाने न धरलेला, जास्त आवळल्यामुळे मान तुटलेला स्क्रू असेल तर इझी आउट वापरा, तिथे तो छान चालतो. गंजलेल्या बारीक स्क्रूला नको.

भावाची वेल्डिंगची कल्पना त्यापेक्षा पुष्कळ बरी आहे. डोक्यावर नट ठेवून त्याच्या भोकातून मिग वेल्डने भरायचं, तापल्याचा लाल रंग उतरला की पाना लावायचा. पकड नवी मिळते आणि तापून-थंडावण्याने गंजही सुटतो. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे तुटके स्टड असेच निघतात. पण इथे सोपे उपाय बाकी असताना मी त्यावर उडी मारणार नाही. करायचंच झालं तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, चाकाचा वेग मोजणारा एबीएस सेन्सर सोडवून बाजूला घ्या आणि अर्थची पकड थेट हबवर लावा, म्हणजे करंट दुसरीकडून वाट शोधत जाणार नाही. ब्रेक क्लीनरने धुतलेल्या जागी आग किंवा वेल्ड लावण्यापूर्वी तो पूर्ण उडून जाऊ द्या. क्लोरीनचा ब्रेक क्लीनर तापला तर फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो, ही गंमत नाही. ब्रेक ऑइलही पेट घेतं.

तुमच्यासाठी आणखी एक वाट आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त पटते. बऱ्याच गाड्यांत बेअरिंग बदलायला हब प्रेसवर न्यावाच लागतो. कॅलिपर, एक्सलचा नट आणि बाकी जोड सोडवून अख्खा नकल (हब आणि बेअरिंग धरणारा चाकामागचा भाग) डिस्कसकट खाली उतरवा आणि उद्यमनगरात प्रेसवाल्याकडे न्या. तिथे उभ्या ड्रिल मशीनवर नकल शिकंज्यात धरून ते डोकं सरळ रेषेत, मोजल्या खोलीपर्यंत काढून देतील. हातात धरलेल्या ड्रिलने, गाडीखाली वाकून, ती सरळ रेषा साधणं कठीण. एवढं लेथ-ड्रिलवालं गाव आपल्या पायाशी आहे, तर त्याचा फायदा का घेऊ नये? फक्त तिथे पोचल्यावर ‘डिस्क वाचवायची आहे’ हे आधी सांगा. न सांगितल्यास ग्राइंडर लवकर हातात येतो. आणि जाताच आहात तर डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचून मायक्रोमीटरने मोजून घ्या. त्याखाली गेली असेल तर ती वाचवण्याचा खटाटोपच संपला.

आता ॲल्युमिनियमचं. थ्रॉटल बॉडी, थर्मोस्टॅटचं घर, गिअरबॉक्सचं कव्हर, एसी कॉम्प्रेसर. इथे वरचा क्रम तसाच लावलात तर पार्ट फुटेल. ओतीव ॲल्युमिनियम लोखंडासारखं सोसत नाही, कान तुटतो. हातोडीचा इम्पॅक्ट आणि छन्नी इथे बंद. पण ॲल्युमिनियमचा एक गुण आपल्या कामाचा आहे. तापल्यावर ते पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणजे घर तापवलं की पोलादी स्क्रूभोवतीचं भोक सैल होतं. गॅसचा टॉर्च लागत नाही, सुटा पार्ट असेल तर किटलीभर उकळतं पाणी ओता. शंभर अंशांच्या वर ते जाणारच नाही, त्यामुळे रबरी सील, प्लास्टिक, रंग जळायची भीती कमी. विजेचा सेन्सर मात्र आधी काढून ठेवा. लगेच, गरम असतानाच, व्हॉल्व्हची पेस्ट लावलेलं बरोबर मापाचं बिट घ्या, अंगाचा भार त्यावर टाका आणि सावकाश पिळा.

कारखान्यातून लॉकटाइट (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावतात तो गोंद) लावून आलेले छोटे स्क्रू वेगळे. निळं लॉकटाइट हत्यारानेच सुटतं. लालला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. पूर्ण पार्ट तेवढा तापवण्यापेक्षा मोठ्या सोल्डरिंग आयर्नचं टोक फक्त स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं टेकवा. उष्णता स्क्रूतून आट्यांपर्यंत उतरते, आजूबाजूला कमी पसरते. थ्रॉटल बॉडीच्या सेन्सरचे हट्टी स्क्रू यानेच निघालेले पाहिलेत.

ॲल्युमिनियममधून स्क्रू निघाला पण आटे घेऊन निघाला, असंही होतं. घाबरू नका. एम ६ ला साधारण ६.३ चं ड्रिल, हेलिकॉइलचा खास टॅप, आणि आत स्टेनलेस तारेची गुंडाळी बसवली की पुन्हा मूळ एम ६ चा स्क्रू लागतो. मऊ ॲल्युमिनियममध्ये हे आटे मूळच्यांपेक्षा दणकट होतात. उद्यमनगरात ‘हेलिकॉइल मारून द्या’ म्हटलं की समजतं.

काही ठिकाणी मात्र घरी हात घालू नका. सीट बेल्टचे बोल्ट, एअरबॅगजवळचं काहीही, फ्युएल रेल, आणि कॅलिपरचा ब्लीड निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायची बारकी नळी). निपल पोकळ असतो, जोर दिला की मानेतून तुटतो आणि मग पूर्ण कॅलिपरवर खर्च येतो. तो काढायलाच लागला तर बारा कोनांचा पाना बाजूला ठेवून सहा कोनांचा बॉक्स घ्या.

परत बसवताना: हबचा चेहरा तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत साफ करा. तिथे गंजाचा एक कण राहिला तर डिस्क वाकडी बसते आणि ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरतं, मग लोक डिस्कलाच दोष देतात. स्क्रू नवा घ्या. निघालेला चांगला स्क्रू नमुना म्हणून दुकानात न्या आणि आट्याचं अंतर, लांबी, डोक्याचा उतार तिन्ही जुळवा. एम ६ ला बहुधा एक मिलिमीटरचे आटे असतात. लांब स्क्रू घेतला तर मागे टोक बाहेर येऊन घासू शकतं. स्टारऐवजी ॲलनच्या, म्हणजे षटकोनी, खाचेचा मिळाला तर पुढच्या वेळी कमी त्रास, पण उतार तोच हवा. स्टेनलेसचा मोह नको, पोलादीच घ्या. डोक्याच्या उताराला आणि आट्यांना कॉपर ग्रीस बोटाने अगदी पातळ लावा, डिस्कच्या घासणाऱ्या बाजूला लागू देऊ नका. आवळताना साधारण दहा न्यूटन-मीटर, म्हणजे मनगटाचा जोर. खांद्याचा नको. काही गॅरेजवाले हे स्क्रू परत लावतच नाहीत. गाडी चालते, पण चाक चढवताना डिस्क कलते, मागे खपल्या पडतात आणि तेच पेडलचं दुखणं सुरू होतं, म्हणून मी लावतो. दुसरा स्क्रू खराब भोकामुळे बसलाच नाही तर एकावर भागतं. चाकाचे नट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आणि तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनेच आवळा, आणि पन्नास-शंभर किलोमीटर फिरल्यावर त्यांना पुन्हा एकदा पाना लावून बघा.